कपिलेश्वराच्या देवळातलं आग्यामोहोळ

त्या वर्षी माघ महिन्यात गोंदाजी महाराजांचा मुक्काम सोनखळी गावी होता. बालाघाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर वसलेलं हे लहानसं गाव. पण त्याचं नाव दूरवर पोहोचलेलं होतं, ते तिथल्या कपिलेश्वराच्या देवळामुळं. सगळं देऊळ काळ्या पाषाणाचं. चुन्याचा कणही न वापरता दगडात दगड अडकवून रचलेलं. जोत्यावर कोरलेल्या हत्तींची रांग आणि सभामंडपाच्या छतात उमललेलं दगडी कमळ. शिखर मात्र अपुरं राहिलेलं.

त्याची कथा गावातली जुनी माणसं सांगत. देवाच्या कारागिरांनी हे देऊळ एका रात्रीत उभं करायला घेतलं, पण शिखराचे शेवटचे थर चढण्याआधीच कोंबडा आरवला आणि काम जिथल्या तिथं थांबलं. कारागिरांचा पाय काही तिथून निघेना. ते आग्या माश्या होऊन शिखराच्या बुडाशी राहिले. मंडपाच्या झरोक्याला लागूनच ते भलंमोठं मोहोळ लोंबत असे. त्याला कुणी हात लावत नसे आणि मंडपात कुणी धूर करत नसे.

गावचे देशमुख हैबतराव यांचा या देवळावर फार जीव. पडलेले खांब त्यांनी पुन्हा उभे करवले होते, जोत्यातली झाडं उपटून काढली होती. पाहुणा आला की ते स्वतः त्याला देऊळ दाखवत आणि पाहुण्याच्या तोंडून कौतुक निघालं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. देवळावरचा हा जीव खरा होता, पण होता होता त्याचा ताठा झाला होता. देऊळ देवाचं की देशमुखांचं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

एका सोमवारी त्यांच्याकडं व्याही मंडळी आली. हैबतराव त्यांना घेऊन देवळात गेले. धाकटी लेक चिमा बापाचं बोट धरून होती. महाराजांच्या दर्शनाला आलेली काही माणसंही त्याच वेळी देऊळ पाहत होती. त्यांच्यात सगुणाबाई नावाची एक साळीण होती. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय वाळले होते. मागावर बसता येत नसे, म्हणून ती विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. आईच्या तोंडून तिनं या देवळाच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि एकदा तरी कपिलेश्वराच्या पिंडीवर आपल्या हातानं बेल वाहावा, एवढीच तिच्या मनात आस होती. तिच्या गावच्या लोकांनी तिला बैलगाडीतून आणलं होतं. मंडपाचा उंच उंबरा तिनं दोन्ही तळव्यांवर अंग तोलून ओलांडला आणि फरशीवरून सरपटत ती नंदीपर्यंत आली.

व्याह्यांचं लक्ष खांबांवरून तिच्याकडं गेलं. ते हैबतरावांना खटकलं. त्यांनी गुरवाला हाक मारून सर्वांदेखत विचारलं, की हे काय चाललंय? मग सगुणाबाईला म्हणाले, "बाई, असं फरफटत देवापर्यंत जाण्यापेक्षा घरी बसून हात जोडावेत. हे देऊळ चालत्या माणसांसाठी बांधलंय."

व्याह्यांपैकी कुणीतरी हसलं. सगुणाबाईनं मान खाली घातली. "व्हय देशमुख," एवढंच ती म्हणाली आणि नंदीच्या आडोशाला सरकून बसली. हातातला बेल तिनं पदराखाली घेतला. तिच्याबरोबरच्या बायकांना वाईट वाटलं, पण देशमुखांपुढं बोलणार कोण?

चिमाला मात्र ही बाई आवडली. ती बापाचं बोट सोडून तिच्याजवळ जाऊन बसली आणि नंदीच्या गळ्यातल्या दगडी घुंगरमाळा तिला दाखवू लागली.

इकडं हैबतरावांना छतातलं कमळ पाहुण्यांना दाखवायचं होतं. मंडपात अंधार. पाकळ्यांवरची बारीक नक्षी खालून दिसेना. त्यांनी टेंभा पेटवून आणायला सांगितलं. गुरव हात जोडून म्हणाला, की मालक, धूर नको, वर मोहोळ आहे. हैबतरावांनी त्याला झटकून टाकलं. माझ्या देवळात मला कोण शिकवणार, असा त्यांचा चेहरा झाला होता. टेंभा आला, काठीला बांधून उंच धरला गेला. कमळाची पाकळीन् पाकळी उजळली, पाहुणे वाहवा करू लागले आणि तेलाचा काळा धूर वळणं घेत झरोक्यातून बाहेर गेला.

आधी नुसती घरघर ऐकू आली, लांबून जातं फिरावं तशी. मग झरोका काळा झाला.

पुढं काय झालं ते हैबतरावांना नीट आठवत नव्हतं. टेंभा धरणारा तो टाकून पळाला, पाहुणे दारात एकमेकांवर आदळले, बायका पदर डोक्यावर घेऊन धावत सुटल्या. हैबतरावांच्या मानेवर निखारा ठेवल्यासारखं झालं, मग कानावर, मग डोळ्याखाली. ते धावले ते थेट नदीत शिरले आणि गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. आजूबाजूला सगळे होते. व्याही होते, गुरव होता. त्यांनी चिमाला हाक मारली. मग एकेकाचा चेहरा पाहिला. चिमा नव्हती.

नदीकाठी उंबराच्या झाडाखाली गोंदाजी महाराज बसले होते. सकाळपासून ते तिथंच होते. अंगावरची काळी घोंगडी चौपदरी घडी करून त्यांनी बुडाखाली घेतली होती. माश्या त्यांच्या भोवतीनं घोंघावत होत्या, पण एकही त्यांच्या अंगावर बसत नव्हती. हैबतराव पाण्यातूनच ओरडले, की महाराज, माझी पोर आत राहिली.

महाराज म्हणाले, "एकटी नाही ती."

"ती पांगळी बाई तिला काय राखणार?" हैबतरावांचा आवाज फाटला. "तिला स्वतःला पळता येत नाही!"

"पळता येत नाही म्हणून तर ती पोरीजवळ राहिली," महाराज शांतपणे म्हणाले.

हैबतरावांनी काठावर यायचा प्रयत्न केला. पाण्याबाहेर येताच माश्यांनी तोंड घेरलं आणि ते पुन्हा पाण्यात पडले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. पोर आत आहे हे मन सांगत होतं आणि पाय काही पुढं पडत नव्हते. अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. ते रडू लागले.

महाराज तोवर डोळे मिटून बसून होते. मग ते उठले. घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चला देशमुख. माझ्यामागं या."

महाराज नेहमीच्या चालीनं देवळाकडं निघाले. हैबतराव मागं. वाटेत पुन्हा माश्या अंगावर आल्या तेव्हा ते गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर. देवळाचा उंच उंबरा त्यांनी पोटावर सरपटत ओलांडला. पागोटं कुठं पडलं, त्याची शुद्ध नव्हती.

आत पडलेला टेंभा विझत आला होता. त्या उजेडात त्यांना नंदीजवळ एक काळा ढीग दिसला. ढीग हलत होता. सगुणाबाई पोरीवर ओणवी पडली होती आणि तिच्या डोक्यापासून पायांपर्यंत माश्या बसल्या होत्या. तसूभर जागा मोकळी नव्हती. हैबतरावांनी डोळे घट्ट मिटले. आता काय उरलं असेल, ते त्यांना बघवेना.

महाराज जवळ गेले, खाली बसले आणि झोपलेल्या लेकराला उठवावं तशा हलक्या आवाजात माश्यांना म्हणाले, "झालं तुमचं काम. जा आता घरी."

माश्या उठल्या. ना घाई, ना राग. एकामागून एक झरोक्याकडं गेल्या आणि मंडपात शांत झालं. सगुणाबाईनं मान वर केली. तिच्या पोटाखालून चिमा बाहेर आली आणि बापाचं सुजलेलं तोंड बघून घाबरली. पोरीच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. सगुणाबाईच्या पाठीवर, मानेवर, हातांवर कुठंही एक काटा रुतलेला नव्हता.

हैबतरावांनी लेकीला छातीशी धरलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला चावल्या नाहीत?"

"चावतील कशा?" सगुणाबाई म्हणाली. "माश्या आल्या अन् मी पोरीला पोटाशी घेतलं. तेवढ्यात महाराज आले, अंगावरची घोंगडी आम्हा दोघींवर पांघरली अन् म्हणाले, हलू नका, मी हितंच हाय. मंग मी कशाला हलतीय?"

"घोंगडी टोचत होती," चिमा म्हणाली. "पण आत ऊब होती."

हैबतरावांनी महाराजांकडं पाहिलं. घोंगडी त्यांच्या खांद्यावर होती. नदीवर हीच घोंगडी महाराजांच्या बुडाखाली होती आणि महाराज क्षणभरही जागचे हलले नव्हते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिथंच महाराजांचे पाय धरले आणि कपाळ त्यांवर ठेवून ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. माझ्या लेकीला तुम्ही वाचवलंत, असं काहीसं ते बोलत होते.

महाराजांनी त्यांना उठवलं. म्हणाले, "देशमुख, मी तर तुमच्यासमोर उंबराखाली बसलो होतो. आत हिच्याजवळ जो आला, त्याच्या पाया पडा. त्याला माझं सोंग घ्यावं वाटलं, ही त्याची मर्जी. हिनं हाक मारली असेल, म्हणून आला."

"मी कुठं हाक मारली?" सगुणाबाई संकोचून म्हणाली. "माझं तर भ्यानं तोंडच उघडलं न्हाई." मग तिनं पदराखाली चाचपलं. बेल चुरगळला होता. "महाराज, असा चालंल का हो?"

"चालेल," महाराज म्हणाले.

सगुणाबाई तळव्यांवर अंग तोलत गाभाऱ्याकडं निघाली. पायऱ्या खाली उतरत होत्या आणि ओल्या होत्या. हैबतराव पुढं झाले. त्यांनी तिच्याआधी पायरीवर बसून आपला खांदा पुढं केला आणि म्हणाले, "आई, इथं हात ठेवा." ती घुटमळली. मग तिनं हात ठेवला. दोघं एकेक पायरी बसत बसत खाली उतरले.

तिनं पिंडीवर चुरगळलेला बेल वाहिला आणि बराच वेळ थंडगार पाषाणावर तळवा ठेवून बसली. हैबतराव मागं थांबले होते. तिचं होईपर्यंत ते पुढं आले नाहीत. ती बाजूला सरकली तेव्हा त्यांनी आधी तिच्या त्या वाळलेल्या पावलांवर डोकं ठेवलं, आणि मग गाभाऱ्याच्या ओल्या फरशीवर देवापुढं आडवे झाले.