आईच्या खांद्यावरचा हात

“मग सांगा ना बुवा, यात न दिसण्यासारखं आहे काय?”

जयवंताने ती चौकट मठीत बसलेल्या केदारबुवांच्या पुढ्यात अशी आदळली की पंचपात्रीतलं पाणी हिंदकळलं.

राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचाच. आज मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तीही सख्ख्या आईवर.

तिच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी त्याने ही फोटोफ्रेम घरीच केली होती. जुन्या लॅपटॉपचा पडदा काढला, आतला बोर्ड पडद्याच्या पाठीला बसवला, सागवानी पट्ट्या स्वतः तासल्या. बटण दाबलं की घरचे जुने फोटो एकामागून एक येत. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं काम.

आणि आईने काय केलं? दोन-चार फोटो पाहिले, उठली आणि फ्रेमचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

“काय म्हणाली?” बुवांनी विचारलं.

“‘मला यात काही दिसत नाही रे.’ बस्स! मी उजेड वाढवला. तरी तेच. पडदा बदलला, चांगला मोठा लावला, लख्ख. तरी तेच! आता म्हणते, उद्या ओवाळून घ्यायला पाटावर बसायचीच नाही. पाहुणे येऊन बसलेत, बुवा! चारचौघांत माझं नाक कापणार ती. तुमचा शब्द मोडत नाही. तुम्ही सांगा तिला.”

“लाव बघू.”

जयवंताने वायर लावली. पडदा उजळला. आई ओसरीवर. आई तुळशीपाशी.

बुवा वाकले. पडद्यावर बोट टेकवलं.

“हा हात कोणाचा?”

आईच्या खांद्यावर एक हात होता. हातामागे माणूस नव्हता.



फोटो बदलला. आई देवळाच्या पायरीवर. खांद्यावर तोच हात, मनगटाशी शर्टाची बाही.

“कोणाचा रे?”

“यशवंताचा! धाकट्याचा! ज्याने भर अंगणात भिंत घातली त्याचा! त्याचं तोंड मला माझ्या घरात नको. म्हणून कापला. एकेका फोटोतून बसून कापला!”

“उद्या बोलावलंस त्याला?”

“मेलो तरी नाही.”

पडद्यावर आई हसत होती…

“तोंड कापलंस,” बुवा म्हणाले, “मग हात कशाला ठेवलास?”

“मला काय हौस होती?” जयवंत ओरडला. “हात कापायला गेलो की आईचा खांदाही जात होता!”

मठी लहान. आवाज भिंतींवर आपटला आणि फिरून त्याच्याच कानावर आला.



बुवांनी वायर काढली. गळ्यातलं उपरणं फ्रेमभोवती गुंडाळलं आणि ती हलकेच त्याच्या हातात दिली.

“खांदा दुखतोय तिचा,” ते म्हणाले, “आणि तू उजेड वाढवत बसलास.”