निमसांगवीची बिनदाराची वेस

निमसांगवीच्या वेशीला दार नाही. दगडी कमान शाबूत आहे, दोन्ही बुरूज ताठ उभे आहेत, दार जिथे फिरायचे ते उंबऱ्यातले खळगेही आहेत. दार तेवढे नाही. पाहुणे विचारतात, चोरांनी नेले काय? मग गावचे खराततात्या त्यांना कट्ट्यावर बसवून घेतात आणि सांगू लागतात. सांगून सांगून ते थकले आहेत, पण टाळत नाहीत.

पानिपताच्या वेळची गोष्ट आहे म्हणे. गावातले धडधाकट गडी फौजेबरोबर उत्तरेला गेले. पाटलांचे दोघे मुलगे गेले, लोहार गेला, आणि वेशीचा राखणदार राणू वेसकरही गेला. त्याचे काम त्याच्या बायकोकडे, धुरपदाकडे आले. दिवेलागणीला दार लावून अडसर घालायचा आणि उजाडल्यावर काढायचा.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी बातमी आली. सगळे बुडाले, एवढीच. आपल्यातले कोण पडले, कोण वाचले, हे सांगायला कोणी आले नाही. कुंकू राखावे की पुसावे, हेही बायकांना कळेना. धुरपदाचे कान तर दाराला चिकटले. पाचोळा वाजला तरी ती अडसर काढी. बाहेर कधी गाढव असे, कधी नुसता वारा. असे वर्ष गेले. दिवस लुटारूंचे, त्यामुळे लोक तिच्यावर करवादत. ती कोणाला उलटून बोलली नाही, पण आतून पार शिणून गेली.

एका संध्याकाळी तिने नुकताच अडसर घातला होता. बाहेरून फळीवर काहीतरी खरखरले. ती थांबली. पुन्हा खरखरले. उठणे तिच्या जिवावर आले. रोजच फसायचे, आज नको. बसल्या जागेवरूनच ती म्हणाली, "हाड!" खरखर थांबली.

सकाळी दार उघडले, तर उंबऱ्याशी डोके टेकून एक माणूस मरून पडला होता. अंगावर चिंध्या, गालावर जुना वार, उपासाने चेहऱ्याची ओळख उरली नव्हती. एकेक बाई येऊन वाकून पाही. आपला आहे असे म्हणवेना, नाही असेही म्हणवेना. राणूचे पाय आपण कुठेही ओळखू, असे धुरपदाला वाटे. पण हे पाय चालून चालून कोणाचेही झाले होते.

म्हातारे पाटील अडले. घर ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, मग अग्नी द्यायचा कोणी? तेव्हा धुरपदा खालमानेने म्हणाली, "म्या त्याला हाड म्हनले, मालक. कुत्रं वाटलं मला. उठलेच न्हाई."

तिला कोणी बोल लावला नाही. त्या संध्याकाळी आपण तरी उठलो असतो का, हे एकीलाही छातीवर हात ठेवून सांगता आले नसते.

"ह्या दारानं त्याला भाईर ठिवलं," ती म्हणाली. "आता ह्ये दार त्याच्यासंगं जाऊ द्या."

"आन उद्या लुटारू आले मंजी?" पाटलांनी विचारले.

पाटलीणबाई कधी चारचौघांत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "आवो, आता न्यायला काय ऱ्हायलंय गावात?"

दार उतरवले. त्याच सागवानी फळ्यांवर त्याला निजवले. ज्या ज्या घरचा माणूस परतला नव्हता, त्या त्या घरच्या बाईने चिता पेटवायच्या चुडीला हात लावला. पाटलीणबाईंच्या हातावर धुरपदाचा हात होता, असे सांगतात. इथे तात्या पाणी पितात.

राणू पुढेही आला नाही. तो आधीच येऊन गेला होता की काय, हे धुरपदाला मरेपर्यंत कळले नाही.

आजही संक्रांतीला गावातल्या बायका त्या खळग्यांत तीळगूळ ठेवतात. आजही वेसकरांच्या घरची सून दिवेलागणीला कमानीत उभी राहून विचारते, "कोन ऱ्हायलंय का भाईर? या आत." थोडी वाट पाहते आणि चुलीकडे वळते. आणि निमसांगवीत कुत्र्याला 'हाड' कोणी म्हणत नाही. अंधार पडताना वेशीत काही खरखरले, तर कितीही दमलेला असो, कोणीतरी उठून जवळ जाऊन पाहतो.