सगळा पोचलेला झोत

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. कौस्तुभदादाने तसं बजावलं होतं.

“पण मॅडम, झोत तर पूर्ण पोचतोय. मग लहरी का नाहीत?”

मॅडम म्हणजे माझी मावशी. कौस्तुभदादा तिचा विद्यार्थी. त्यांच्या प्रयोगशाळेत एका लांब नळीतून इलेक्ट्रॉनचा वेगवान झोत सोडतात. वाटेत त्याच्यापासून सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, निघायला हव्यात. टोकाला तांब्याचं भांडं असतं, तिथे झोत थांबतो. ते वितळू नये म्हणून त्याभोवती पाणी फिरतं.

संध्याकाळपर्यंत लहरी मिळाल्या नाहीत, तर यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं.

“निघतात तेवढे सगळे इलेक्ट्रॉन पोचतात,” कौस्तुभदादा म्हणाला. “वाटेत एकही सांडत नाही. इथे हे कुणालाच जमलं नव्हतं.”

“तुला कसं जमलं?” मावशीने विचारलं.

“व्होल्टेज वाढवत गेलो. वेग वाढला, झोत सरळ झाला.”

“अजून वाढवणार?”

“हो.”

“वाढव. त्या पाण्यात चहा टाकता येईल.”

मला हसू आलं. त्याला नाही.

मावशीने त्याचा हात धरला आणि भांड्याकडून परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपवर ठेवला. त्याने तो झटकन मागे घेतला.

“तापलाय.”

“कशाने?”

“झोताच्या ऊर्जेने.”

“किती ऊर्जेने?”

“सगळ्याच...”

“मग वाटेत झोताने लहरींना काय दिलं?”

त्याने नळीकडे पाहिलं.

“वेग कमी केला तर झोत लहरीच्या बरोबरीने चालेल आणि आपली ऊर्जा तिला देईल,” तो अगदी हळू म्हणाला. “पण विस्कटेल. काही इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीला लागतील. माझा आकडा जाईल, मॅडम.”

“जाईल.”

त्याने व्होल्टेजचं बटण उलटं फिरवलं. पोचणाऱ्यांचा आकडा उतरू लागला. त्याचा चेहराही उतरला.

मग लहरी मोजणारा काटा, जो सकाळपासून शून्यावर झोपला होता, हलला. चढत गेला.

यंत्र आता त्याच्याकडेच राहणार होतं. तरी तो आकड्याकडेच बघत होता.

“अहवालात काय लिहू? किती पोचले म्हणून?”

मावशीने पर्स उचलली. कुणी न सांगता त्याने पुन्हा पाइपवर हात ठेवला होता. या वेळी त्याने तो मागे घेतला नाही, आणि मला दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर—

“ऋजू, चल,” मावशी दारातून म्हणाली. मग मागे न वळता त्याला म्हणाली,

“कोमट लिही.”