हशाचा धोंडा

करंजवाडी वर आहे आणि मोहवाडी खाली. दोन्हींच्या मधल्या उतारावर, मोहवाडीची पहिली घरं दिसायला लागतात तिथे, वाटेच्या डाव्या अंगाला एक काळा सपाट धोंडा आहे. त्याला शेंदूर नाही, कधी कुणी फूलही वाहत नाही. मधोमध दोन पावलं मावतील असा खळगा पडला आहे, आणि तोही लहान मुलाचीच पावलं मावतील एवढा. त्याला हशाचा धोंडा म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसतात. हसू द्यावं. पण गोष्ट ऐकायची असेल तर समोरच्या बांधावर बसावं. या धोंड्यावर मोठं माणूस बसत नाही.

सांगतात ते असं.

फार पूर्वी, या डोंगरात बंदूक आली नव्हती तेव्हा, दोन्ही वाड्यांची शिकार एकच होती. माया होती म्हणून नव्हे. समोरचं रान एवढं मोठं, की एका वाडीच्या माणसांनी त्याला वेढा पडत नसे. नाचणी पिवळी पडू लागली की रानडुकरं उतरायची आणि उभं शेत नांगरल्यासारखं करून जायची. म्हणून नाइलाजाने वरचे-खालचे एकत्र येत. एका अंगाने हाकारे ढोल बडवत रान उठवायचे, आणि दुसऱ्या अंगाला, जनावर निसटेल अशा वाटांवर, बाकीचे आपापली जागा धरून गप्प बसायचे. शिकार मिळाली की मांसाचे वाटे पडत. जो हजर त्याला वाटा, कुत्र्यालासुद्धा अर्धा. त्या वाट्यांवरून दर वर्षी तोंडं वाजायची. वरचे म्हणायचे, खालच्यांच्या कुत्र्यांना नुसती शेपटी आहे, दात नाहीत, त्यांना वाटा कशाचा? खालचे म्हणायचे, वरचे उद्या पाळण्यातलं पोर जागेवर बसवतील आणि पाळण्याचाही वाटा मागतील.

करंजवाडीत बुधा नावाचा गडी होता. शिकारीचा म्होरक्या तोच. कुणाला कुठे बसवायचं ते त्याच्या शब्दाने ठरे. त्याला एकच मुलगा, लखू. दुधाचे दात नुकते पडू लागलेले. पोर बापामागे लागलं होतं, मला ने म्हणून. आई राही म्हणायची, "शेळीनं शिंग दावलं तर अजून माझ्या पदरात शिरतंय, त्याला काय रानात नेता?" बुधालाही मनातून ते पटलं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

शिकारीच्या सकाळी दोन्ही वाड्यांची माणसं पायथ्याशी जमली. लखू बापाला पोचवायला म्हणून तिथवर आला होता. मोहवाडीत चिंधू म्हणून एक तरणा गडी होता, ठकूबाई नावाच्या विधवेचा एकुलता एक. मनाने वाईट नव्हता म्हणतात, पण जीभ कोयत्यासारखी. त्याने पोराला पाहिलं आणि म्हणाला, "काय बुधादा, शिकारी आणलास व्हय? आईनं सोडलंय का त्याला, का तिलाबी हाक मारू? मधीच दूध लागलं तर काय करशील?"

खालचे सगळे हसले. वाईट हे, की वरचेही थोडे हसले.

बुधाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो म्हणाला, "येतोय तो. जागा धरंल."

पोर न्यायचं की नाही हे त्या दिवशी पोराकडे बघून ठरलं नाही. ते चिंधूकडे बघून ठरलं.

तरी बापच तो. त्याने लखूला एका जांभळीखाली बसवलं, करवंदीच्या दाट जाळीच्या वरच्या अंगाला. तिकडून जनावर कधी निघत नसे. त्याने सांगितलं, "काय आलं तर वरड. न्हाई आलं तर गप. जागा सोडायची न्हाई. आणि मागनं विचारलं तर जे झालं तेच सांगायचं." एवढं बोलून तो आपल्या जागेवर गेला.

हाका झाला. रान उठलं. एक मोठा सुळेवाला नर कुणाच्या तरी भाल्याचा फाळ मांडीत घेऊन वेढ्यातून सुटला आणि दिसेनासा झाला. असं जखमी डुक्कर मोकळं राहणं म्हणजे घरात निखारा सांडण्यासारखं. माणसं एकेका जागेवर जाऊन विचारू लागली, इकडून गेलं का? नाही. इकडून? नाही. असं करत ती जांभळीपाशी आली.

लखू झाडाखाली होता, बसवला होता तिथेच. पुढे बुधा होता, म्हणून आधी त्याला दिसलं. पोराच्या उघड्या छातीवर जांभळीच्या सालीचा भुगा चिकटलेला, नडग्या सोललेल्या. बुधाच्या ध्यानात आलं. पोर झाडावर चढलं होतं. आणि उगीच कुणी झाडावर चढत नाही.

तेवढ्यात मागून चिंधू पोचला. "काय रं, गेलं का काय इकडनं? का डोळं मिटून आयला हाका मारत व्हतास?" आणखी कुणी म्हणालं, लंगोटी वली हाय का बघा रं. हशा उठला, सकाळच्यापेक्षा मोठा.

पोराने बापाकडे पाहिलं, मग खाली मातीकडे. "काय न्हाई गेलं," ते म्हणालं.

बुधाला खाली वाकून हळूच विचारता आलं असतं, ही साल कुठं लागली रं? एवढंच. ते ओठांवर आलंही होतं, असं सांगतात. पण समोर चिंधू दात काढून उभा होता. बुधा म्हणाला, "ऐकलंस? न्हाई गेलं. माझं पोर खोटं बोलत न्हाई."

चिंधूला तहान लागली होती. ओढा करवंदीच्या पलीकडे, आणि जाळीतून जवळची वाट. तिकडून काही गेलंच नाही म्हटल्यावर भ्यायचं कशाला? तो हसतच जाळीत शिरला. डुक्कर तिथेच दबून बसलं होतं. आत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. त्याला खांद्यावर घालून आणला, पण मोहवाडी दिसायच्या आत त्याचा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी खालच्यांनी जांभळीखाली खूर पाहिले, पानावर रक्त पाहिलं. त्यांनी बुधाला चार माणसांत उभं केलं. बुधा म्हणाला, "जनावर मागनं आलं असंल. पोरानं बघितलं न्हाई." तेच तो सांगत राहिला. मग ओढ्याची वाट अडवायला काटेरी फांद्या पडल्या. वरच्यांच्या शेळ्या लंगडत घरी यायला लागल्या, आणि खालच्यांच्या गवताच्या गंजीला आग लागली. खालची लेक वर दिली होती, तिचं माहेर तुटलं. एका चुलीचा विस्तव दुसऱ्या वाडीत जाईनासा झाला.

आणि बुधाच्या घरात लखू जेवेना.

एकदा तो बापाजवळ येऊन म्हणाला, "बा, मी झाडावर व्हतो."

"ठावं हाय मला. कुणापाशी बोलू नको."

त्यानंतर पोराने बोलणंही सोडलं. भाकरी पुढे ठेवली की तिच्याकडे बघत बसायचं. छातीच्या फासळ्या मोजाव्यात असं झालं. वैदू झाले, अंगारा झाला, कोंबडं झालं. शेवटी राही नवऱ्याला म्हणाली, "पोराच्या पोटात ते डुक्कर बसलंय. ते बाहेर यायला बघतंय आन तुम्ही दार धरून बसलाय."

"खाली नेलं तर जित्तं सोडतील का त्याला?"

"आन हितं काय जित्तं हाय?"

बुधा उठला. भाला उचलला, पोराचा हात धरला आणि हा उतार उतरून आला.

मोहवाडीच्या कुत्र्यांनी त्याला याच जागी अडवलं. मग माणसं आली. काठ्या होत्या, कोयते होते. सगळ्यात मागून ठकूबाई आली. तिने बुधाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "पोराला त्या धोंड्यावर उभं करा. समद्यांना दिसू द्या."

लखू या धोंड्यावर उभा राहिला. मग लोकांनी तोंड सोडलं. "आला बघा शिकारी." "वाटा न्यायला आलास व्हय रं?" "झाड दावा कुणी त्याला, चढंल." आणि ते हसले. त्या हसण्यात कुणाला सुख नव्हतं, पण हसले ते पोट धरून. बुधाने तो हशा ओळखला. जांभळीखालचाच तो. त्याला वाटलं, पोर आता पुन्हा मातीकडे बघणार आणि पुन्हा नाही म्हणणार. वाटलं, उचलावं आणि पळत सुटावं.

पोराने मान वर केली. त्याने बापाकडे पाहिलं. बुधाने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही.

"मी झाडावर चढलो व्हतो," लखू म्हणाला. "डुक्कर खालनं करवंदीत गेलं. मी बघितलं. आन न्हाई म्हणालो."

हसणारे थांबले. ठकूबाईने विचारलं, "का न्हाई म्हणालास?"

"हसत व्हते."

"कोण?"

"समदे. चिंधूकाका बी."

मागून एकजण ओरडला, मेलेल्यावर घालतंय बघा, आणि काठी उगारून पुढे आला. ठकूबाई म्हणाली, "खाली घे ती. हसायचाच तो. माझ्यावर बी हसायचा." मग तिने पोराला पुन्हा विचारलं, "आनखी कुणाला ठावं व्हतं?"

आता मात्र लखू बोलेना. तो आपल्या पावलांकडे बघत राहिला. खोटं त्याला बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. बुधाच्या लक्षात आलं, हे पोर माझ्यासाठी गप्प आहे.

"मला ठावं व्हतं," बुधा म्हणाला. "त्याच्या छातीवर साल लागली व्हती. मी तवाच ओळखलं."

काठी त्याच्या पाठीवर पडली. बुधाने हात वर केला नाही. ठकूबाईने ती काठी पडू दिली, असं सांगतात. दुसरी पडू दिली नाही.

मग ती म्हणाली, "पोर शिकारीला न्यायजोगं झालं. एवढे हसत असताना जे खरं बोललं, ते रानातबी खरंच बोलंल. तू मातर पुन्हा रानात पाय ठेवू नको."

बुधाने भाला धोंड्यापाशी ठेवला. तो कुणी उचलला नाही. तिथेच गंजून मातीत गेला.

"आन ऐकून ठेवा," ठकूबाई म्हणाली. "इथनं पुढं वरचं पोर रानात न्यायचं का न्हाई ते आम्ही सांगू. तुम्हाला तुमच्या पोरावर हसता यायचं न्हाई. आम्ही हसू."

खालच्यांतल्या एकाने विचारलं, "आन आपली पोरं?"

ठकूबाईने वर, करंजवाडीकडे पाहिलं. "आपली त्यांच्याकडं धाडायची. हसायला त्यांनाबी येतं."

तिचं घर वाटेवरचं पहिलंच, धोंड्यावरून दिसेल असं; ओसरीवर पाण्याचा माठ होता. लखूचं सारखं तिकडे लक्ष जात होतं. ठकूबाईने ते पाहिलं, पुढे होऊन माठावर झाकण सारलं आणि घरात गेली. कुणी बसा म्हटलं नाही. बाप-लेक आले तसे निघाले. ओढ्यावर पोराने काट्या बाजूला केल्या, ओंजळीने पाणी प्यायलं आणि तोंड पुसत म्हणालं, "बा, भूक लागली."

पुढे लखू मोठा शिकारी झाला का, ते कुणी सांगत नाही. बुधा रानात गेला नाही, एवढं सांगतात. शेळ्या राखत म्हातारा झाला.

आता शिकार राहिली नाही. कायद्याने बंद झाली, आणि बंद झाली ते बरंच झालं. पण पोर पहिल्यांदा गुरांमागे रानात धाडायचं असलं, किंवा शेतातल्या माळ्यावर पिकाच्या राखणीला बसवायचं असलं, की आजही वरचे त्याला घेऊन या धोंड्यापाशी येतात. खालच्यांची पोरं वर जातात, तिथेही असाच एक धोंडा आहे. हल्ली मुलीही उभ्या राहतात. वयाचा नेम नाही. पोराने आपली लाज वाटावी अशी एक गोष्ट सांगायची असते, हसणाऱ्यांच्या तोंडावर. आणि हसणं लुटुपुटीचं नसतं. दोन्ही वाड्यांचं अजून जमत नाही, सोयरीक होत नाही, बांधावरून भांडणं आहेतच. ते सगळं त्या हशात उतरतं. पुष्कळ पोरं रडतात आणि परत जातात. त्यांना कुणी नावं ठेवत नाही. पुढच्या वर्षी येतात.

ज्याने सांगितलं, त्याच्यासाठी खालचं एखादं म्हातारं माणूस पुढे येतं आणि विचारतं, आणखी कुणाला ठाऊक होतं? याचं उत्तर पोराने द्यायचं नसतं. बरोबर आलेल्या बापाने नाहीतर आईने द्यायचं असतं. तेव्हा मात्र कुणी हसत नाही.

पाणी आजही कुणी देत नाही. परतताना ओढ्यावर थांबावं लागतं. तिथे पोराला हटकून भूक लागते, म्हणे. म्हणून आई घरून निघतानाच भाकरी बांधून देते.