घोडसरीच्या बारवेचा राखणदार

घोडसरी नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहायचा. इतका भोळा, की सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. लोकांना त्याचाच ताप व्हायचा.

गावाबाहेर एक जुनी बारव होती. चारी बाजूंनी पायऱ्या, कोनाड्यांत मूर्ती, कडेला दगडी सिंह. इतकी वर्षं तिच्यात गाळ होता आणि म्हशी होत्या. मग सरकारच्या मनात आलं आणि तिच्यावर पैसा लागला. गाळ निघाला, म्हशी निघाल्या, एका बाजूच्या पायऱ्या नीट झाल्या, बारवेभोवती लोखंडी जाळी आली आणि तिला एकच फाटक बसलं. राखणदार म्हणून म्हाळूला नेमलं.

काम बघायला आलेले इंजिनिअर साहेब गावकऱ्यांना म्हणाले, “या दगडावर घातलेला एक रुपया गावात पाच रुपये होऊन फिरतो.”

म्हाळूनं साहेब गेल्याबरोबर दगडावर एक रुपया ठेवला आणि समोर बसून राहिला. दुपार झाली, रुपया एकच. जेवून येऊन बघतो तर तोही नाही.

“सायेब, तुमचा हिशेब चुकला,” त्यानं पुढच्या खेपेला तक्रार केली.

साहेब हसले. “अरे, बारव बघायला माणसं येतील. चहा पितील, जेवतील, खरेदी करतील. तसे पाच होतात.”

म्हाळूला हे पटलं नाही. पण त्याच्या थोरल्या बहिणीला, कडूबाईला, पटकन पटलं. तिनं दोन शेळ्या विकल्या आणि बारवेसमोर चहाभज्यांचं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक कढई आणि दोन बाकडी. पण कडूबाईचं सगळं त्यात होतं. बाकीच्या पायऱ्यांचा आणि रस्त्याचा पैसा अजून यायचा होता. माणसं येतात की नाही हे बघून सरकारची समिती तो देणार होती. नाही दिला तर म्हाळूची नोकरी जाणार होती आणि कडूबाईचं हॉटेल बसणार होतं.

“म्हाळबा, नीट राखण कर रे,” ती रोज सकाळी सांगायची. “माझ्या शेळ्या त्या बारवेत हायेत.”

म्हाळू रोज पाण्यात वाकून बघायचा. शेळ्या दिसायच्या नाहीत.

एक दिवस त्याला वाटलं, सिंहाला नाक नाही, बरं दिसत नाही. त्यानं सिमेंट कालवलं आणि झकास नाक बसवलं. त्यानं कधी सिंह पाहिला नव्हता, म्हणून समोर बांधलेल्या म्हशीकडे बघून केलं. इंजिनिअर साहेब आले आणि डोकं धरून पायरीवर बसले.

“अरे शहाण्या, मोडलेलं मोडलेलंच ठेवायचं असतं! हात लावायचा नाही!”

“बरं सायेब. आता ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्याच दिवशी कडूबाईच्या बाकड्याचा पाय मोडला. “म्हाळबा, दोन खिळे ठोक जरा,” ती म्हणाली.

“न्हाई अक्का. मोडलेलं मोडलेलंच ठेवायचं. हात लावायचा न्हाई.”

म्हाळूनं बाकडं जसंच्या तसं दोन विटांवर टेकवून ठेवलं. तालुक्याहून आलेले एक जाडजूड गुरुजी त्यावर बसले. गुरुजी एकीकडे, चहा दुसरीकडे आणि चष्मा कढईत. गुरुजी परत म्हणून त्या बाजूला फिरकले नाहीत.

“आरं, माणसाला धोका आसंल तिथं दोरी बांधावं!” कडूबाई ओरडली. “पाटी लावावं! जवळ येऊ देऊ नाही कुणाला!”

“बरं अक्का. आता ध्यानात ठेवतो.”

रविवार आला. शहरातून दोन गाड्या भरून माणसं आली. कडूबाईनं पहाटेच तीन किलो बेसन भिजवलं होतं. तेल तापलं, पहिला घाणा पडला आणि तेलाचा एक थेंब म्हाळूच्या हातावर उडाला. त्यानं दोरी आणली, हॉटेलाला चारी बाजूंनी गुंडाळली आणि खडूनं पाटी लिहिली: धोका, जवळ येऊ नये.

माणसांनी बारव पाहिली, पाटी वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि गाडीतली बिस्किटं खाऊन निघून गेली. कडूबाईला आधी काही कळेना. दोरी दिसली तेव्हा ती मटकन खाली बसली आणि रडली. तीन किलो बेसन काही थोडं नसतं.

“आल्याल्या माणसाला आडवू नाही रे बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली. “थांबवून घ्यावं. बसा म्हणावं, चहा घ्या म्हणावं, लागंल ती मदत करावं.”

“बरं अक्का. आता ध्यानात ठेवतो.”

बुधवारी भरदुपारी दोन माणसं टेम्पो घेऊन आली. कडूबाई दळणाला गेली होती. एकानं नाचणारीची मूर्ती कोरलेला दगड हलवून पाहिला, दुसऱ्यानं टेप लावून मोजला.

“हा सुटाच आहे का हो?”

“सुटाच हाय. पण घाई काय, बसा की. चहा घ्या.”

पाहुणे दोन तास थांबले. तीन चहा झाले, भजी झाली. दगड टेम्पोत चढेना, तर म्हाळूनं खांदा दिला. जाताना हातसुद्धा हलवला.

टेम्पो नाक्यावर पकडला गेला म्हणून दगड परत आला. सरपंच यशवंतअप्पा पायातली चप्पल हातात घेऊनच बारवेवर आले.

“आरं, टेप लावून दगड मोजंल, मूर्तीला हात लावंल, तो चोर समजावं! फाटक ओढावं, कुलूप घालावं आन् आख्खा मुलूख गोळा व्हईस्तोवर बोंब ठोकावं!”

“बरं अप्पा. आता ध्यानात ठेवतो.”

सोमवारी समिती यायची होती. अप्पा हारतुरे घेऊन मोठ्या रस्त्याला जाऊन उभे राहिले. समिती मात्र माळावरच्या रस्त्यानं आली. प्रमुख सामंत मॅडम आणि दोन साहेब थेट बारवेत उतरले. एका साहेबांनी टेप काढला आणि दगड मोजला. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मूर्तीवरून हात फिरवला.

म्हाळूनं फाटक ओढलं, कुलूप घातलं, देवळावर जाऊन भोंगा चालू केला आणि बोंब ठोकली, “चोर! चोर! तीन चोर बारवेत कोंडल्यात! येक बाई हाय!”

त्या दिवशी शेजारच्या गावात आठवडी बाजार होता. भोंगा ऐकून बाजारच उठून आला. शेंगदाणेवाला पाटीसकट आला, फुगेवाला आला, गारेगारवाला घंटी वाजवत आला. माणसं बारवेच्या चारी कडांना दाटून उभी राहिली. “ह्या बाईच्या अंगावर बघा कशी खानदानी साडी हाय,” असं म्हणत भजी खाऊ लागली. कडूबाईचं बेसन तीनदा संपलं, तीनदा आणलं. तिला मान वर करायला सवड नव्हती.

अप्पा धापा टाकत आले. हार त्यांच्याच गळ्यात अडकला होता. “उघड! आरं मेल्या, समिती हाय ती! उघड!”

म्हाळूनं निमूट कुलूप काढलं. कडूबाईच्या हातातला झारा तसाच राहिला. आपलं हॉटेल आता बसलं, हे तिला दिसत होतं.

सामंत मॅडम मात्र फाटकाच्या आत शेवटच्या पायरीवर उभ्या राहून गर्दी बघत होत्या. फुगे बघितले, गारेगार बघितलं, कढई बघितली. आणि त्या हसल्या.

“सरपंच, सरकारनं इथं पैसा घातला तर माणसं येतात का, गावाचा धंदा होतो का, एवढंच बघायला आम्ही आलो होतो. पण एका दिवसाच्या गर्दीवर निधी देता येत नाही. येत्या रविवारी अशीच गर्दी मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे. राहिलेला सगळा निधी मंजूर करते.” मग त्या म्हाळूकडे वळल्या. “गर्दी तू जमवलीस ना? मग त्यासाठी आज जे केलंस, तेच कर.”

कडूबाईनं पदर डोळ्यांना लावला. अप्पांनी हार काढून पुढे केला.

म्हाळूनं मान हलवली. फाटक ओढलं, कुलूप घातलं आणि मधे कुणी उघडू नये म्हणून किल्ली बारवेच्या पाण्यात टाकली.

“मॅडम,” तो जाळीतून अदबीनं म्हणाला, “आज सोमवार. रविवार काय, सहाच दिवसांवर आलाय.”