ब्रेकच्या दोन दांड्या

ओतकामाच्या नव्या यंत्रावरची पहिली दांडी ओतली गेली तेव्हा मी तिथे नव्हते. ती निर्दोष होती, असे सांगतात. पुढचे मात्र मी पाहिले आहे.

‘...मग फरक उरला कुठे, मामा?’

विचारणारा श्रेणिक मगदूम, कोल्हापूरजवळच्या ज्या फाउंड्रीत मी हिशेब लिहिते, तिथला नवा क्वालिटी इंजिनिअर. उमेदवारी त्याने तिथल्या जुन्या ओतारी दस्तगीरमामांच्याच हाताखाली केली होती. मामा अजूनही पळीने, साच्याच्या कडेकडेने ॲल्युमिनियम ओतत. यंत्र तेच काम दाबाने, पापणी लवण्याआधी करी.

टेबलावर दोन्हीकडची एकेक दांडी होती. अपंगांच्या तीनचाकीच्या ब्रेकची. यंत्राची आरशासारखी, मामांची खरबरीत.

‘देखणी आहे तुझी,’ मामा म्हणाले.

‘नुसती देखणी नाही. मापात केसाचा फरक नाही. तुम्ही दिवसभरात ओतता तेवढ्या यंत्र तासाभरात देतं.’

‘व्हय. आमची आपली बैलगाडी.’

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. यंत्रावरच्या आठशे दांड्या चढवून झाल्या होत्या. श्रेणिकची सही तेवढी बाकी होती.

मामांनी चिमट्याने दोन्ही दांड्या उचलल्या आणि भट्टीत ठेवल्या. वितळणार नाहीत, इतपतच आच.

‘मामा, ब्रेक कधी एवढा तापतो का?’

‘न्हाई तापत.’

‘मग ही कसली परीक्षा?’

‘थांब की जरा.’

अर्धा तास गेला. हॉर्न आणखी दोनदा वाजला. श्रेणिकने पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले...

यंत्राची दांडी बाहेर आली. आरशावर तीन फोड. वेगाने घुसलेल्या धातूने कोंडून घेतलेली हवा आतून फुगली होती; जिथे फोड, तिथे आत पोकळी, आणि दांडी तिथेच मोडू शकते.

श्रेणिकने पेनाचे टोपण लावले.

मग मामांची. मुठीपाशी एक फोड. लहान, पण फोडच.

‘तुमच्यातही!’ तो जवळजवळ हसला. ‘चाळीस वर्षं ओतताय, मामा!’

‘व्हय. माझ्यातबी.’

मामा त्या फोडाकडे पाहत राहिले.

‘मग... सही करू की नको? निदान कोणती पद्धत बरी, तेवढं तरी सांगा.’

पुन्हा हॉर्न.

मामांनी दोन्ही दांड्या त्याच्या कागदाशेजारी ठेवल्या.

‘ह्या दोघी आच लागल्यावर बोलल्या,’ ते म्हणाले. ‘गाडीत आठशे गप्प बसल्यात.’