कव्हरावरची कोरी जागा

“आणि हे तिसरं ‘डी’ कशाचं?”

मिरजेच्या चिंतामणबुवांनी आपल्या शिष्येच्या सीडीच्या कव्हराचा कागद डोळ्यांशी धरला होता. कालिंदी सतरंजीच्या अगदी कडेला बसली होती. चार वर्षांनी आली होती. बुवा नुसते खाकरले तरी दचकत होती.

“पहिलं ध्वनिमुद्रणाचं, बुवा. दुसरं मिक्सिंगचं. तिसरं शेवटच्या प्रतीचं. तिन्ही डिजिटल, टेप कुठंच नाही. यात खरखर नाही, हे ऐकणाऱ्याला आधीच कळावं म्हणून छापतात.”

“बरं झालं. आमच्या वेळी खरखरच जास्त, गाणं आपलं अधूनमधून.”

ती हसली. एकटीच.

कव्हरावर ‘गुरू’ या शब्दापुढची जागा कोरी होती. उद्या कागद छापायला जायचा होता. बुवा हो म्हणाले तरच तिथं त्यांचं नाव. तेवढ्यासाठी ती पुण्याहून आली होती.

बुवांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. ती त्यांच्या भुवयांकडे बघत राहिली. भुवया हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी हेडफोन काढले.

“तबला कुणाचा?”

“कोलकात्याचे आहेत एक. तिकडूनच वाजवून पाठवला.”

“कसे आहेत माणूस म्हणून?”

“भेट नाही झाली... ईमेल झालं.”

“तंबोरा?”

“मोबाइलमधला.”

“आणि समोर कोण होतं?”

“काच होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. पण तो पडद्याकडे बघत होता.”

“चुकलीस कुठं?”

“कुठंच नाही!” ती घाईनं म्हणाली. “म्हणजे... चुकले होते. बावीस ठिकाणी. ते सगळं काढून टाकलं, बुवा. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

बुवांनी कागद तिच्या हातात दिला.

“सुरेख झालंय. माझं नाव नको घालूस.”

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. चार वर्षं भाड्याच्या खोलीत, खिडक्या लावून, शेजाऱ्यांच्या कानावरसुद्धा जाऊ नये असा रियाज केला होता. कच्चं काही कुणाला ऐकवायचं नाही, असं ठरवून. बुवांनासुद्धा.

“माझं काय चुकलं, बुवा?”

बुवा उठले.

त्यांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली, तारा जुळवल्या. कालिंदी धडपडत उठली. तंबोरा धरून मागं बसायचं ते शिष्यानं. नऊ वर्षं ती त्यांच्या मागं बसली होती.

“द्या बुवा, मी धरते...”

“पुढं बैस.”

आणि बुवा तिच्या मागं जाऊन बसले.

आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कानाशी तारा वाजत होत्या, आणि पाठीमागं एक म्हातारा श्वास.

तिनं सा लावला. हळूहळू वर चढली. वरच्या गंधाराशी आवाज फाटला, आणि ती थांबली.

तंबोरा थांबला नाही.

“चुकलं, बुवा...”

“ऐकलं मी. चार वर्षांत पहिल्यांदा.”

तारा वाजत राहिल्या...

“आता घाल माझं नाव.”